मास्तरांचं लॉगिन

मेलेल्या माणसाला कारणे दाखवा नोटीस धाडायला एक तर फार मोठं काळीज लागतं, नाहीतर अजिबात लागत नाही. त्या हॉस्पिटलच्या कार्यालयाने ती धाडली, आणि तीसुद्धा रजिस्टर पोस्टाने, पोच घेऊन.

दुपारचा एक वाजला होता. रक्तपेढीच्या खिडकीशी एक वयस्क बाई येऊन उभ्या राहिल्या. आत ताई एकट्याच होत्या. ताई म्हणजे दुपारच्या पाळीच्या तंत्रज्ञ. वय सत्तेचाळीस, नोकरी एकवीस वर्षं, आणि शिपायापासून सर्जनपर्यंत सगळ्यांच्याच ताई. त्यांनी मान वर न करता सवयीने विचारलं, "कोणता वॉर्ड? चिठ्ठी द्या."

"चिठ्ठीच आणली आहे गं," बाई म्हणाल्या आणि एक लांबट पाकीट खिडकीतून आत सरकवलं.

आवाज ओळखीचा वाटला म्हणून ताईंनी वर पाहिलं. मास्तरांच्या पत्नी होत्या, सगळ्यांच्या काकू. अकरा महिन्यांपूर्वी मास्तर गेले, त्यानंतर ताई दोनदा त्यांच्याकडे जाऊन आल्या होत्या. पुढे जाऊ जाऊ म्हणता राहूनच गेलं. काकू चांगल्याच वाळल्या होत्या. ताईंनी त्यांना आत घेतलं, बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि पाकिटातला कागद उघडला.

कागदावर मास्तरांचं पूर्ण नाव होतं आणि खाली मजकूर होता: 'आपण रुग्णालयात प्रत्यक्ष हजर नसताना आपल्या लॉगिनवरून गेल्या पंधरा महिन्यांत रक्ताच्या सहाशे चाळीस पिशव्यांची पडताळणी झाल्याचे बाह्य तपासणीत निदर्शनास आले आहे. आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.' सहीच्या जागी छापलं होतं, 'अधीक्षकांच्या लॉगिनवरून मंजूर. सहीची आवश्यकता नाही.'

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कागद त्यांनी घाईने घडी करून पाकिटात परत घातला, कारण त्या सहाशे चाळीस पिशव्या कोणी पडताळल्या हे या जगात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"हजर कुठून राहणार ते आता?" काकू म्हणाल्या. "ते जाऊ दे. कार्यालयाचा घोळ असेल, मला कळतं. मला एवढंच सांग, त्यांच्या हातून काही चूक झाली होती का? कुणाला भलतंच रक्त गेलं का गं? तेहतीस वर्षांत माझी एक पिशवी चुकली नाही, हे त्यांचं शेवटपर्यंत चाललं होतं. आता हा कागद आल्यापासून मला घास गिळत नाही."

"नाही काकू. त्यांची काही चूक नाही," ताई म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं आणि नंतर दिवसभर त्याचीच त्यांना लाज वाटत राहिली.

आता या भानगडीचं मूळ सांगायला हवं.

मास्तर कधी शाळेत शिकवायला नव्हते. तेही रक्तपेढीतलेच तंत्रज्ञ. पण समोर येईल त्याच्या, मग तो डॉक्टर असो की झाडूवाला, चुका काढून दाखवायची त्यांना खोड होती, म्हणून मास्तर. आणि रक्तपेढीत अशी खोड असलेला माणूस लागतोच. पिशवी बाहेर द्यायची तर ती दोघांनी तपासायची, हा तिथला पहिला नियम. एकाने पिशवीवरचा क्रमांक, रक्तगट, रुग्णाचं नाव चिठ्ठीशी जुळवायचं आणि संगणकात आपल्या लॉगिनने नोंद करायची. मग दुसऱ्याने तेच सगळं नव्याने वाचून आपल्या लॉगिनने 'पडताळले' असं म्हणायचं. एकाच लॉगिनने दोन्ही उरकू गेलं की पडद्यावर लाल पट्टी येते आणि संगणक ढिम्म हलत नाही. नियम सोन्यासारखा होता. रोजच्या कामाला डोळे सरावतात. जे असायला हवं तेच त्यांना दिसायला लागतं. म्हणून दुसरे डोळे.

दुपारच्या पाळीत ते दुसरे डोळे मास्तरांचे. खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसून ते पिशवीचं लेबल खालून वर वाचायचे. "वरून खाली वाचलं की मन घसरगुंडी करतं," ते म्हणत. "खालून वर वाचलं की त्याला जिना चढावा लागतो. दमतं, पण पडत नाही." कार्यालयातून आलेली परिपत्रकंसुद्धा ते शेवटच्या ओळीपासून सुरू करत. साहेब लोक खरी गोष्ट तळाशी लपवतात, असं त्यांचं मत होतं.

मास्तर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरायची सोडून कार्यालयाने ती जागाच रद्द करून टाकली. सकाळच्या पाळीला दोघं तंत्रज्ञ होते, ते बाराला घरी जात. बारानंतर आठपर्यंत ताई एकट्या. दोन माणसांचा नियम भिंतीवर काचेत लावलेला, आणि काचेखाली माणूस एकच.

ताईंनी अर्ज दिला. महिन्याभराने दुसरा दिला. तिसरा घेऊन त्या स्वतः अधीक्षकांसमोर उभ्या राहिल्या. रक्तपेढीच्या प्रमुखाची जागाही रिकामीच होती आणि तिचा जादा भार अधीक्षकांनी स्वतःकडेच ठेवला होता, त्यामुळे दाद मागायची तर तिथेच. त्यांनी अर्ज वाचला नाही, नुसता बाजूला ठेवला.

"मास्तरांचं लॉगिन बंद केलंय का संगणकवाल्यांनी?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही, साहेब."

"मग झालं तर. चालवून घ्या. काम थांबता कामा नये."

चालवून घ्या. हे दोन शब्द त्या माणसाने आयुष्यात कधी कागदावर लिहिले नसतील, पण अख्खं हॉस्पिटल त्या दोन शब्दांवर उभं होतं. संगणक विभागाचंही तेच. तिथला गृहस्थ म्हणाला, लॉगिन बंद करायचं तर वरून लेखी यायला हवं. वरून लेखी आलं नाही.

मास्तरांना हे कळलं तेव्हा ते आधी भयंकर चिडले. दोन दिवस ताईंचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः रक्तपेढीत आले, आपल्या जुन्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हे चूक आहे. पण तुला एकटीला टाकून मी घरी वर्तमानपत्र वाचत बसणं ही त्याहून मोठी चूक. पासवर्ड देतो. अट एकच. माझ्या नावाने बटण दाबायचं ते माझ्या खुर्चीत बसून दाबायचं, आणि खालून वर वाचल्याशिवाय दाबायचं नाही."

ताईंनी ती अट पाळली. पहिली नोंद त्या आपल्या टेबलाशी उभ्याने करत. मग पिशवी घेऊन खिडकीजवळ जात, मास्तरांच्या खुर्चीत बसत, चष्मा काढून पुसत, पुन्हा लावत आणि जणू ती पिशवी आपण आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय अशा नजरेने लेबल तळापासून वाचत. मोठ्याने. बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना वाटे, आत आणखी कोणीतरी आहे. एकदा या खुर्चीतूनच त्यांना दिसलं की उभ्याने केलेल्या नोंदीत त्यांनी सारख्या आडनावाच्या दोन रुग्णांची गल्लत केली होती. पिशवी खिडकीबाहेर जायला एक हात बाकी होता. त्या संध्याकाळी त्यांनी मास्तरांना फोन करून सांगितलं. मास्तर म्हणाले, "बघ, मी अजून कामावर आहे."

पासवर्डचं म्हणाल तर त्याचेही नियम होते. बारा अक्षरं हवीत, त्यांत एक मोठं, एक आकडा, एक चिन्ह, मागच्या सहांपैकी कुठलाही नको, आणि दर पंचेचाळीस दिवसांनी नवा. अधीक्षकांच्या कार्यालयाला मात्र यातून सूट. हे नियम करणाऱ्याने हातमोजे घालून, समोर रक्तस्राव होणारा माणूस असताना, कधी बारा अक्षरं टंकून पाहिली नसावीत. परिणाम व्हायचा तोच झाला. वॉर्डातल्या नर्सेसचे पासवर्ड औषधांच्या फ्रिजवर चिकटपट्टीने लावलेले. क्ष-किरणवाल्यांचा कॅलेंडरच्या मागे. हाडांच्या डॉक्टरांचा त्यांच्या प्लास्टरच्या खोलीतल्या भिंतीवर, पेन्सिलीने. खोलीला तिजोरीचं कुलूप लावायचं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची, असला कारभार.

मास्तर गेले त्या दिवशी ताईंनी दुपारी दोन तासांची सुटी घेतली, त्यांना पोचवून आल्या, हात धुतले आणि कामाला लागल्या. संध्याकाळी सहाला अपघात विभागातून मागणी आली आणि मास्तरांनी तीन पिशव्या पडताळल्या. खुर्चीत बसून ताई लेबल वाचत होत्या आणि डोळ्यांतलं पाणी चष्म्याच्या आत साचत होतं, म्हणून त्यांनी प्रत्येक लेबल दोनदा वाचलं. पुढे दर पंचेचाळीस दिवसांनी संगणक मास्तरांना नवा पासवर्ड मागत राहिला. मेल्यावरही माणसाचा पासवर्ड शिळा होतो, हे ताईंना तेव्हा कळलं. त्या दर वेळी तोच ठेवत, 'खालूनवर', आणि पुढे नवा आकडा. सात वेळा त्यांनी तो बदलला. दर वेळी वाटे, आता तरी कोणाच्या तरी लक्षात येईल.

आलं ते बाहेरून आलेल्या तपासनीस बाईंच्या. त्यांनी निवृत्तांची यादी आणि लॉगिनची यादी शेजारी शेजारी ठेवली. दहा मिनिटांचं काम होतं, पण पंधरा महिन्यांत ते इथल्या कोणाला सुचलं नव्हतं. मग ज्यांनी धावपळ करायला हवी होती ते जागचे हलले नाहीत आणि नोटिसा मात्र धावल्या. एक मास्तरांच्या घरी आणि दुसरी, काकूंना रिक्षात बसवून ताई परत आल्या तेव्हा, त्यांच्या टेबलावर. 'दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे ही गंभीर शिस्तभंगाची बाब असून...' त्या पुढचं त्यांनी वाचलं नाही. खाली तेच. अधीक्षकांच्या लॉगिनवरून मंजूर.

तीन वाजता वरून बोलावणं आलं. ताईंनी खिडकीला 'ताई वर आहेत' ही पाटी लावली आणि जिना चढल्या.

अधीक्षक त्या दिवशी अगदी गोड होते. खुर्ची दिली. चहा मागवला. त्यांचे पीए बाजूला उभे होते, हातात एक टाइप केलेला कागद.

"ताई, तुमच्यासारखी माणसं आम्हाला गमवायची नाहीत," अधीक्षक म्हणाले. "तपासनीस बाईंना कागदावर एक कारण हवं आहे, बास. आम्ही निवेदन तयार केलंय. मास्तरांनी निवृत्त होताना स्वतःहून पासवर्ड तुम्हाला दिला आणि ही पद्धत पाडली. तुम्ही ज्येष्ठांच्या शब्दाखातर ती चालू ठेवली. सही करा. तुमच्या नोटिशीचा विषय मी मिटवतो."

"आणि मास्तरांच्या?"

"त्यांच्या नावावर ठपका राहील. आता त्यांना काय त्याचं, ताई? ते तर..." त्यांनी हाताने वर, छताच्या पंख्याकडे, खूण केली.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच असावं, असं ताईंच्या मनात आलं. फरक एवढाच की इथे खाणारा चहासोबत खात होता.

"चालवून घ्या, असं तुम्हीच म्हणाला होता, साहेब. याच खोलीत."

अधीक्षकांनी पीएंकडे पाहिलं. पीएंनी फाइलकडे पाहिलं. "तसं लेखी काही दिसत नाही," पीए म्हणाले.

"माझे तीन अर्ज तरी दिसतात का?"

"शोधावे लागतील."

"उद्या दुपारपर्यंत विचार करा," अधीक्षक म्हणाले. "एकवीस वर्षं झाली तुमची. भावनेच्या भरात घालवू नका." चहा आला तेव्हा ताई जिन्यात होत्या.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर, बोलायला कमी. भाजी चिरता चिरता म्हणाला, "सही करून टाक. मास्तर देवमाणूस होते, वरून हसतील आणि माफ करतील. नोकरी गेली तर या वयात तुला दुसरी कोण देणार?"

"अहो, तुम्ही लिफ्टच्या खड्ड्यात उतरता तेव्हा वर कोण असतं?"

"जोडीदार. बटणाजवळ. त्याशिवाय उतरतच नाही मी."

"एक दिवस मालक म्हणाला, जोडीदार मिळणार नाही, त्याचं जॅकेट खुंटीला टांगा आणि उतरा. तर?"

"त्याच्या तोंडावर पाना फेकून येईन."

"मी नाही फेकला," ताई म्हणाल्या. "पंधरा महिने मी जॅकेट टांगून उतरत राहिले. ती चूक माझी आहे, ती मी लिहून देईन. पण आता उघडकीला आल्यावर म्हणतात, जॅकेटवाल्याला दोष द्या. त्या बाईला घास गिळत नाही हो. तिला मी काय सांगू, तुमच्या नवऱ्याच्या नावाला काळं फासलं, पण माझी नोकरी वाचली?"

नवरा चिरायचा थांबला. म्हणाला, "मग सही करू नकोस." आणि उरलेली भाजी चिरायला लागला.

दुसऱ्या दिवशी ताई अकरालाच हॉस्पिटलात पोचल्या. दाराशी नवं परिपत्रक ताज्या टाचण्यांनी लावलेलं होतं: पासवर्डची गोपनीयता. दोन पानं, गच्च. पासवर्ड कोणाला सांगू नये, कोणाचा विचारू नये, लिहून ठेवू नये, उल्लंघन करणाऱ्याची गय केली जाणार नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. ताईंनी टाचण्या काढल्या, ते कागद घेऊन मास्तरांच्या खुर्चीत बसल्या आणि शेवटच्या ओळीपासून वाचायला लागल्या.

शेवटची ओळ लहान टाइपात होती. 'दुसरा तंत्रज्ञ उपलब्ध नसल्यास पडताळणी विभागप्रमुख स्वतः, स्वतःच्या लॉगिनवरून करतील.'

ताईंनी ती ओळ परत वाचली. मग कोरा कागद घेतला आणि खुलासा लिहिला. पिशव्या मी पडताळल्या. पासवर्ड मी वापरला. अधीक्षकांनी तोंडी सांगितल्यावरून वापरला. माझ्या तीन अर्जांच्या तारखा खालीलप्रमाणे. मास्तरांचा यात दोष नाही. सहाशे चाळीसपैकी एकही पिशवी चुकीची गेली नाही, आणि जी जाणार होती ती त्यांच्या शिकवणीमुळे थांबली. आजपासून मी त्यांचं लॉगिन वापरणार नाही. एक प्रत कार्यालयात दिली, एक तपासनीस बाईंना, आणि दोन्हींची पोच घेतली. पोच घ्यायला त्या कार्यालयाकडूनच शिकल्या होत्या.

काकूंना त्यांनी बोलावून घेतलं होतं. बारानंतर, सकाळची पाळी गेल्यावर, ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. आदल्या दिवशी गिळलेलं वाक्यही सांगितलं. काकूंनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ते गेल्यावरही तू त्यांच्या खुर्चीत बसून वाचत होतीस?"

"हो, काकू."

"मला आधी सांगितलं असतंस तर येऊन बसले असते गं मी इथे. ऐकायला."

तेवढ्यात फोन वाजला. चार वाजताच्या ठरलेल्या ऑपरेशनसाठी दोन पिशव्या हव्या होत्या. घड्याळात दोन वाजत होते. जिवावर बेतलेली मागणी असती तर ताईंनी नियम चुलीत घालून पिशवी दिली असती आणि मग जे व्हायचं ते होऊ दिलं असतं. पण इथे हातात दोन तास होते. त्यांनी पिशव्या काढल्या, जुळवल्या, आपली नोंद केली. 'दुसऱ्या व्यक्तीने पडताळणी करावी,' पडदा म्हणाला. ताईंनी वर फोन लावला.

"साहेब, विभागप्रमुख म्हणून पडताळणीला खाली यावं लागेल. परिपत्रकाची शेवटची ओळ. तुमच्याच लॉगिनवरून मंजूर झालंय."

फोनवर थोडा वेळ नुसता कागदांचा आवाज आला. कोणीतरी तिथे शेवटची ओळ पहिल्यांदाच वाचत होतं.

अधीक्षक पंधरा मिनिटांनी आले. तोवर ऑपरेशन थिएटरची नर्स पेटी घेऊन खिडकीशी येऊन ठाकली होती. साहेबांना पाहून ती सावरून उभी राहिली. बाकावरच्या काकूंकडे त्यांनी पाहिलं नाही. किंवा पाहिलं, पण ओळखलं नाही.

"कुठे बसायचं?"

"या खुर्चीत," ताई म्हणाल्या.

ते बसले. पडद्यावर नाव आणि पासवर्ड अशा दोन चौकटी होत्या. नाव त्यांनी एका बोटाने टंकलं. मग बोट हवेत राहिलं. काहीतरी टंकून पाहिलं. लाल पट्टी. आणखी काही टंकलं. पुन्हा लाल.

"तीनदा चुकलं की खातं बंद पडतं, साहेब," ताईंनी सांगितलं. "मग वरून लेखी यावं लागतं."

अधीक्षकांच्या मानेवर घाम आला. त्यांनी मोबाइल काढला, टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात टंकायला मोकळे राहावेत म्हणून स्पीकर लावला. "अरे, माझा पासवर्ड काय आहे?"

"वेलकम, साहेब," पीएंचा आवाज खणखणीत आला. "पहिलं अक्षर मोठं. मग एक, दोन, तीन."

खिडकीतली नर्स खोकली. 'वेलकम एक दोन तीन' हा तिथे नोकरीच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला मिळणारा पासवर्ड होता. तो त्याच दिवशी बदलावा लागे, नाहीतर हजेरीच लागत नसे. झाडूवाल्या मावशींनी तो बदलला होता, मास्तरांनी बदलला होता, मेलेल्या मास्तरांनी सात वेळा बदलला होता. बदलला नव्हता तो फक्त बदलायची सक्ती करणाऱ्याने.

"पण साहेब, तुम्ही कशाला खाली गेलात?" पीए बोलतच होते. "मला सांगायचं. मी इथूनच दाबलं असतं. नेहमीसारखं."

अधीक्षकांनी घाईघाईने फोन बंद केला. मग तो पासवर्ड टंकला आणि पडदा उघडला. काकू बाकावरून उठल्या, टेबलापाशी आल्या आणि पाकिटातला कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"मग ही नोटीस कोणी पाठवली?"

अधीक्षकांनी कागदावरचं नाव वाचलं, मग काकूंकडे पाहिलं, आणि आता त्यांना ओळख पटली. उत्तर मात्र त्यांच्याकडे नव्हतं. असतं तरी ते लेखी मिळालं नसतं.

"आधी पिशव्या, साहेब. पेशंट वाट बघतोय," ताई म्हणाल्या. "लेबल वाचा. मोठ्याने."

त्यांनी वरून सुरुवात केली.

"वरून नाही. खालून."

ते खालून वाचू लागले. क्रमांकाशी अडखळले, दोन आकडे गाळले. ताईंनी चिठ्ठीवर बोट ठेवून थांबवलं आणि पुन्हा तळापासून वाचायला लावलं. दोन पिशव्यांना नऊ मिनिटं लागली. मास्तरांना तीन लागत. नर्सने पिशव्या पेटीत ठेवल्या आणि निघून गेली. ही गोष्ट थिएटरपर्यंत पिशव्यांच्या आधी पोचणार, हे सगळ्यांनाच कळलं होतं.

काकू अजून उभ्याच होत्या. त्यांनी टेबलावरचं पेन उचलून अधीक्षकांच्या हातात दिलं. "यावर लिहून द्या, की यात त्यांचा दोष नाही. टाइप नको. तुमच्या हाताने लिहा आणि सही करा."

अधीक्षकांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी फ्रिजचं तापमान बघायला पाठ फिरवली. मग साहेबांनी लिहिलं. काकूंनी कागद घेतला, चष्मा लावला, आणि तेहतीस वर्षं त्या माणसाशी संसार केल्यावर लागणारच अशा सवयीने सहीपासून सुरुवात करून खालून वर वाचला. मग घडी घालून पाकिटात ठेवला.

ताईंची स्वतःची नोटीस अजून खणात होती. तिचं काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं, आणि या क्षणी त्यांना त्याची फारशी पर्वाही वाटत नव्हती. फोन वाजला. बाळंतीण विभागातून आणखी एका पिशवीची मागणी होती. अधीक्षक उठायच्या बेतात होते.

"बसा, साहेब," ताई म्हणाल्या आणि फ्रिजचं दार उघडलं. "पाळी आठपर्यंत आहे."